जालन्यातली तीन जेवणं

अनसूयाबाई, तुमच्या तेराव्याचं जेवण तुम्हांला मुळीच आवडलं नसतं. वरण खारट झालं होतं आणि बुंदी इतकी कडक, की म्हाताऱ्या माणसांनी ती नुसती चघळून बाजूला ठेवली. तुमच्या भावाने जीव तोडून सगळं केलं, त्याला बोल लावायचा नाही. पण तो आचारी कुठून धरून आणला होता देव जाणे. तुम्ही असतात तर पहिल्या घासालाच पदर खोचून चुलाण्यापाशी गेला असतात आणि त्याची हजेरी घेऊन आला असतात.

आणि बाई, तिथंही बायकांची पंगत शेवटीच बसली. आधी पुरुष, मग पोरंटोरं, मग आम्ही. मी बोलणार होते. पण तुमच्या भावाचे सुजलेले डोळे पाहिले आणि गप्प बसले. तुमची भावजय माझ्या शेजारी होती. तिने विचारलं, "तुमची आन् आमच्या वन्संची वळख कुठली वो?" मी म्हटलं, "जेवणावरून झाली." तिला वाटलं मी दुःखाने काहीतरी बरळते आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही एकदमच केलं.

पण खरंच, जेवणावरूनच नाही का झाली? निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि शिक्षकांचं अधिवेशन जालन्याला भरलं होतं. नाताळची सुटी, कडाक्याची थंडी, गावोगावचे मास्तर कोट घालून, छातीला बिल्ला लावून आलेले. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमचा उतारा एका शाळेच्या वर्गात होता. मी तीर्थपुरीहून बैलगाडी आणि मग मोटार असं करत, अंग खिळखिळं करून पोचले होते आणि बाकाला टेकून बसले होते. तुम्ही बदनापूरहून रेल्वेने आलात, गाठोडं खाली टाकलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि नाव-गाव काही न विचारता म्हणालात, "कितवा?"

मी लाजून सांगितलं, सहावा महिना.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा."

"चहा खात न्हाईत, पेतेत." असं म्हणून तुम्ही गाठोडं सोडलंत आणि तिळाची चटणी लावलेली भाकरी माझ्या हातात दिलीत. मी ती संपेपर्यंत समोर बसून राहिलात. मग म्हणालात, "आता सांग, तू हंगामी का कायम?"

मी हंगामी होते. तुम्हांला तेच हवं होतं. त्या दिवसांत हंगामी शिक्षिका बाळंतपणाला गेली की तिचं नाव कमी व्हायचं. ती परत येई तोवर तिच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असायचं, आणि तिची कैफियत ऐकायला कुणाला वेळ नसायचा. तुम्ही त्यावर ठराव आणला होता. बाळंतपणाची रजा मिळावी आणि तोवर तिची जागा कुणाला देऊ नये. तुम्हांला स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता. तुम्ही पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या, नोकरीत कायम. अनुमोदनाला मात्र एक बाई हवी होती, आणि बाकीच्या सगळ्या नवऱ्याला विचारून सांगते म्हणाल्या होत्या. मी हो म्हटलं. धीट होते म्हणून नव्हे. माझ्या मालकांचं दुखणं तेव्हा दोन वर्षांचं झालं होतं आणि घरात रोख पगार तेवढा माझाच येत होता. ती जागा गेली असती तर आम्ही काय केलं असतं, याचा विचार मी रात्रंदिवस करत होते.

नियम असा, की ठराव मांडणारी आणि अनुमोदन देणारी, दोघी मांडवात हजर पाहिजेत. सकाळ सगळी पाहुण्यांच्या भाषणांची. ठराव दुपारच्या जेवणानंतर घ्यायचे, आणि आपला पहिलाच होता. तुम्ही खूश होतात. "पयला हाये, बरं झालं. मंग लोकं कंटाळतेत."

पंगतीचा विचार आपल्या दोघींच्याही डोक्यात आला नव्हता.

पहिल्या दिवशी पुरुषांची पंगत बसली, उठली, दुसरी बसली. आपण सगळ्या बायका भिंतीच्या कडेला उभ्या. वरणाचा वास नाकात जात होता आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तुम्ही माझ्या दंडाला धरून उभ्या होतात. भोजनाची व्यवस्था बघणारे एक गृहस्थ होते, उपरणं कमरेला बांधून इकडून तिकडे धावणारे. तुम्ही त्यांना अडवलंत.

"भाऊसाहेब, बायांचं पान कवा मांडता?"

"पुरुष मंडळी उठली की लगेच."

"ही दोन जिवांची हाये. हिला तरी आधी बसवा."

"बाई, पुरुष जेवायचे राह्यले आन् बायांची पंगत बसली तर लोकं काय म्हणतील? रीत हाये ती."

"रीत हाये तर मंग मांडवातलं कामकाज बी बायांची पंगत उठल्यावर सुरू करा."

"ते माझ्या हातात न्हाई," ते गृहस्थ खरोखर कळवळून म्हणाले. "माझ्या हातात निस्तं वाढप हाये."

आपण बसलो तेव्हा भात संपत आला होता. तिसरा घास घेतला असेल नसेल, तोच मांडवातला कर्णा बोलू लागला. ठराव मांडणाऱ्या बाई हजर नाहीत, पुढचा विषय. तुम्ही उष्ट्या हाताने उठलात. तुम्हांला तसं धावताना पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. एका हाताने निऱ्या धरलेल्या, दुसरा वरणाने माखलेला. अध्यक्षांसमोर तुम्ही तो हात तसाच वर केलात आणि म्हणालात, हजर आहे. लोक हसले. अध्यक्ष सज्जन होते, पण घड्याळाचे गुलाम. म्हणाले, उद्या दुपारी पहिला घेऊ.

संध्याकाळ व्हायच्या आत तुम्ही मला उठवलंत. "चल, गावात जाऊ. उद्याच्या दुपारची सोय बघू." मी म्हटलं, बायका हॉटेलात कशा जातील? तुम्ही म्हणालात, "पायानं."

स्टेशन रस्त्यावरच्या त्या पहिल्या हॉटेलात आपण शिरलो तेव्हा सगळी बाकं एकदम गप्प झाली. मालक लगबगीने आला आणि मागच्या बाजूचा कळकट पडदा वर करून दाखवू लागला. आतमध्ये एक टेबल, वर कोळ्याचं जाळं. तुम्ही आत डोकावलंत, वास घेतलात आणि बाहेरच्या, दाराजवळच्या बाकावर येऊन बसलात. "आंधारात आम्हांला भजी दिसायची न्हाईत," म्हणालात. तरी बाकं गप्पच. मग तुम्ही साऱ्या हॉटेलाकडे वळून म्हणालात, "खा बाबांनो, खा. आमी मास्तरणी आहोत खऱ्या, पण तुमची परीक्षा घ्यायला आलो न्हाई." एक टांगेवाला इतका जोरात हसला की त्याला चहाचा ठसका लागला. भजी आली. तुम्ही एक मोडून बघितलंत आणि तेल कालचं असल्याचा निकाल दिलात. हॉटेल बाद.

खाण्याची जागा पारखायची तुमची स्वतःची शाळा होती. ताट-वाटी तुम्ही बघतच नव्हतात. आधी भांडी घासायची मोरी बघायच्या. दहा पदार्थांची नावं सांगणाऱ्या मालकावर तुमचा विश्वास नव्हता. वाढणारा वाळकुडा असला तर तुम्ही पुढे निघायच्या, कारण तो तिथलं खात नाही हे उघड आहे. टांगेवाले, हमाल जिथं जेवतात तिथं पाव-अर्धा गुण जास्त. बदनापूरच्या स्टेशनावरच्या भज्यांवर तर तुम्ही एवढं बोललात, की जणू तुमच्या माहेरचंच काही सांगता आहात. मी आयुष्यात घराबाहेर जेवलेली नव्हते. दोन तासांत मला कळलं, की या बाईला खायला आवडतं आणि त्याची तिला जराही लाज नाही. आमच्याकडे बाईने चवीने खाल्लं तर तिला खादाड म्हणतात. तुमच्याकडे बघून मला फार मोकळं वाटलं, बाई. हे मी तुम्हांला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पूल ओलांडून कुंडलिकेच्या पलीकडे, पेठेत नेलंत. तिथं मारवाडी पेढ्यांवरच्या मुनीमांसाठी एक खानावळ होती, तिला बासा म्हणतात. मोरी स्वच्छ, वाढणारा गरगरीत, आणि पदार्थ रोज ठरलेले. तुमच्या सगळ्या कसोट्यांना ती जागा उतरली. मालक पांढऱ्या मिशांचे, चंदनाचा टिळा लावलेले. बायांना बाश्यात बसवत नाहीत, ते म्हणाले; पण माझ्याकडे त्यांची नजर गेली आणि ते गडबडले. "बहनजी, भितर चला. घरात बसा. आमच्या बाया वाढतील."

मी तुम्हांला हळूच म्हटलं, बाई, जल्दी होईल ना? तुम्ही म्हणालात, घरात तर आणखी जल्दी.

इथं आपली फसगत झाली. मारवाड्यांच्या घरचा आग्रह काय असतो हे आपल्या दोघींनाही ठाऊक नव्हतं. मनुहार म्हणतात ते त्याला. पाहुण्याने पुरे म्हटलं, की तो पहिल्यांदा पुरे म्हणाला, एवढाच त्याचा अर्थ. फुलके आले, त्यांवर तूप, कढी, गट्ट्याची भाजी, मुगाचा शिरा. बाई, काय जेवण होतं ते! मी अजून स्वप्नात ती कढी पिते. पण सासू समोर बसलेली, सुना घुंगट ओढून उभ्या, आणि ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या कडेने फुलका सरकवायच्या. "एक फुलको और, थाने म्हारी सौगन," अशी शपथच घालायच्या. तुम्ही म्हणालात, आम्हांला मांडवात जायचंय. सासूबाई म्हणाल्या, जाल की, शिरा राहिलाय. मी उठायला लागले तर त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं, कारण गर्भार बाई अर्ध्या पानावरून उठली तर त्यांच्या घराला बोल लागला असता. अख्ख्या जालन्याला न घाबरलेल्या तुम्ही त्या बाईपुढे हात टेकलेत. शेवटी पान, सुपारी, मला कुंकू आणि ओटीत नारळ. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं, पण म्हातारीने तुमच्या हातात शिऱ्याचा डबा ठेवला होता. तो तुम्ही छातीशी धरलात आणि आपण टांगा शोधत पळालो.

मांडवात शिरलो तेव्हा कर्ण्यावरून कुणीतरी चेष्टेने सांगत होतं, की ठराव मांडणाऱ्या बाई आज गावात जेवायला गेल्या आहेत. मांडव हसत होता. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुम्ही थेट मधल्या वाटेने पुढे गेलात.

"हो, जेवायला गेल्ते," तुम्ही म्हणालात. "तुमी समदे जेवून बसले का न्हाई? मंग आमी काय हवा खावी? पयल्या पंगतीला बसवलं असतं तर कालच हा ठराव संपला असता."

हसू थांबलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, बाई, उद्या शेवटचा दिवस. जेवणानंतर पहिला विषय तुमचा. उद्या दोघी हजर नसाल तर ठराव रद्द धरला जाईल, माझाही नाइलाज आहे.

मी त्या संध्याकाळी रडले. उताऱ्यावर बाकी बायका आपल्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. मी म्हटलं, बाई, उद्या मी जेवतच नाही, एका दुपारने मरत नाही, मांडवात जाऊन बसते. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हा चढवलात.

"बिलकुल न्हाई! काल भिंतीला धरून उभी व्हती ती इसरली? उद्या तिथं बोलता बोलता पडली तर? हा ठराव कशासाठी हाये पोरी? तुला उपाशी ठेवून पास झाला तर त्याला काय चाटायचंय?"

"मग फुटाणे घेऊ."

"दोन जिवांची बाई फुटाण्यावर राहती का? चल, ऊठ. आजून उजेड हाये."

स्टेशनच्या अंगाला जिनिंगचे कारखाने होते. कापसाचा हंगाम, त्यामुळे सगळी हवा पिंजलेली. पाळी सुटली होती आणि केसांत, भुवयांत कापूस अडकलेल्या बायका घोळक्याने घरी निघाल्या होत्या. तुम्ही त्यांच्या वाटेत उभ्या राहिलात. "बायांनो, तुमी दुपारी कुठं जेवता?" त्यांनी कारखान्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं पत्र्याच्या आडोशाला एक बाई चुलीवर मोठं पातेलं चढवून बसते. भोंगा वाजला की बसायचं, पुन्हा वाजला की उठायचं. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि तुमचा चेहरा असा फुलला, की मला तुमचं वय विसरायला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळची भाषणं संपायच्या आधीच आपण मांडवातून निसटलो. पातेलंवाली भारी कडक होती. आपले बिल्ले बघून म्हणाली, "मास्तरणी? आवं हितं पाट न्हाई का ताट न्हाई. तुमाला कसं जमंल?" तुम्ही तोवर पोत्यावर मांडी घालून बसलाही होतात. "मोरी बघायची का?" मी तुमच्या कानात विचारलं. तुम्ही मला चिमटा काढलात.

ज्वारीची गरम भाकरी हातावर, तिच्यावरच वांग्याचं कालवण, कडेला लसणाचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. शेजारी बायकाच बायका, मांडीला मांडी लावून. कुणी कुणाच्या नंतर नाही. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीची चतकोर मागून घेतली. बाश्यातलं जेवण थोर होतं, पण माझं पोट त्या दिवशी भरलं. खाता खाता एका तरण्या बाईने विचारलं, तुमचं तिकडं काय चाललंय? तुम्ही तिला सगळा ठराव समजावून सांगितलात, रजा, जागा, सगळं. ती घास हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आमाला बाळंत झालं की नाव कटतं. तुमाला बी कटतं व्हय? आमाला वाटलं, शिकल्याल्यांचं न्हाई कटत."

भोंगा झाला, बायका उठल्या, आपणही उठलो.

मांडवात आलो तर निम्म्याहून जास्त खुर्च्या मोकळ्या. पहिली पंगत तेवढी परतलेली, आणि ती पोटभर जेवून डुलत होती. तुम्ही व्यासपीठावर चढलात. कागदावर लिहिलेलं भाषण तुमच्या हातात होतं, तुम्ही ते उघडलंही नाहीत. त्या जिनातल्या बाईचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत. म्हणालात, तिला वाटत होतं की आपलं, शिकलेल्यांचं, नाव कटत नाही, आणि तिचा तो समज मोडताना मला फार लाज वाटली. इतकंच. मग मला पुढे केलंत. मी काय बोलले ते मला आठवत नाही. पण माझ्या पोटाकडे बघून पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर हेडमास्तरांनी मान खाली घातली, आणि हात वर करा म्हटल्यावर पहिला हात त्यांचाच होता. ठराव पास झाला. तुमचं म्हणणं शेवटपर्यंत हेच, की ते सुस्तावले होते म्हणून हात वर केले. माझं म्हणणं, की तुमच्या बोलण्याने केले. यावरून आपण किती भांडलो, बाई! अजून तो वाद माझ्याकडून मिटलेला नाही.

ठराव पास झाला तरी त्याचा कागद वर जाऊन कुठं बसला, कोण जाणे. पुढे हळूहळू रजा मिळू लागली, आता तर नव्या मुलींना ती हक्काची वाटते, आणि वाटावीच. पण माझे दिवस भरेपर्यंत काहीच आलं नव्हतं. माझ्या जागेवर नवा माणूस नेमायचं ठरत होतं. एका सकाळी शाळेचा गडी सांगत आला, की बदनापूरच्या बाई बदली मागून तीर्थपुरीला आल्या आहेत. मी दारात आले तर तुम्ही गाठोडं घेऊन उभ्या.

"बाई, हे काय?"

"साहेबाला सांगितलं, बदनापूरचं पाणी बाधून राह्यलं. तीर्थपुरीचं मानवतं म्हन्ले."

"तुम्ही तीर्थपुरीचं पाणी कधी प्यालात?"

"आता पिते की. दे तांब्या."

माझ्या जागेवर दुसरं कुणी बसू नये म्हणून तुम्ही स्वतः येऊन बसलात. मला मुलगी झाली. रोज शाळा सुटली की तुम्ही यायच्या, माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू माझ्या सासूबाईंच्या नजरेसमोर खायच्या, त्यांत खोबरं कमी आहे म्हणायच्या, आणि मग माझ्या वर्गातल्या एकेका पोरीची हकिकत सांगायच्या. मी बाळंतपणातून उठून शाळेत आले त्या दिवशी तुम्ही खुर्ची सोडलीत, हातातला खडू मला दिलात आणि पोरींना म्हणालात, "ह्या तुमच्या बाई. मी निस्ती वाट बघत बसल्ते." आणि निघून गेलात.

तुम्ही पुन्हा बदली मागितलीत, बदनापूर मात्र तुम्हांला परत मिळालं नाही. तिथली जागा तोवर भरली होती. साहेबांनी तुम्हांला मंठ्याच्या बाजूच्या एका आडगावी टाकलं. भाऊ लांब, रेल्वे लांब, आणि ज्या बाईने अख्खं जालनं चाखून पारखलं तिच्या नव्या गावात चहाचं दुकानसुद्धा नव्हतं. मी तिथं पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून एकटीपुरती भाकरी थापत होतात. मला फार वाईट वाटलं. मी काही बोलू लागले की तुम्ही म्हणायच्या, "इथली वांगी बघ, काटेरी हायेत. जालन्यात मिळायची न्हाईत." आभार मानायचा विषय काढला की तुम्ही भाजीत मीठ बघायला सांगायच्या. एवढ्या वर्षांत मी तुमचे आभार एकदाही धड मानू शकले नाही. तुम्ही मानूच दिले नाहीत.

त्यानंतर किती अधिवेशनं आपण केली! दरवर्षी नवं गाव, दरवर्षी पंगत शेवटी, आणि आपण दोघी दुपारी गावात पसार. मला त्याची इतकी चटक लागली, की अधिवेशनाचं गाव कळलं की मी आधी तिथं काय चांगलं मिळतं ते विचारायची. मागच्या खेपेला मात्र तुम्ही एकाएकी अडून बसलात. म्हणालात, यंदा बाहेर जायचं नाही, यंदा पहिल्या पंगतीत बसायचं, उठवलं तर उठायचं नाही. मी म्हटलं, कशाला त्या पातळ वरणासाठी भांडण? गावात चला की. तुम्ही रागावलात. "तू पळवाट काढून राह्यली, शकू." मी म्हटलं, "वाट तुम्हीच दाखवली." तुम्ही म्हणालात, "तवा तू दोन जिवांची व्हती म्हणून. आता काय झालं तुला?" आपण त्या दिवशी वेगवेगळ्या जेवलो. तुम्ही पहिल्या पंगतीत बसलात की नाही, मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. विचारायला हवं होतं. मला वाटलं, पुढच्या वर्षी विचारू.

मग तुमच्या तापाची बातमी आली, आणि पाठोपाठ दुसरी.

तेराव्याहून परतताना मी कचेरीत गेले होते. तुमच्या आडगावी जायला कुणी तयार नाही. पोरांची परीक्षा तोंडावर आली आहे आणि वर्ग तसाच उघडा पडला आहे. साहेब म्हणाले, नवी नेमणूक होईतो कुणी जाईल का? मी म्हटलं, मी जाते. मालकांची तब्येत आता बरी आहे, आणि मुलगी आजीपाशी राहील. साहेबांना नवल वाटलं. कारण विचारलं तर मी सांगितलं, की तिथलं पाणी मला मानवतं.

उद्या सकाळी निघते आहे, बाई. तुमच्या खुर्चीवर बसेन, हजेरी घेईन, पोरांची उजळणी करून घेईन. त्यात मला अवघड काही नाही. अवघड एवढंच आहे, की तुम्ही माझी जागा धरून बसलात तेव्हा पोरींना सांगू शकलात, तुमच्या बाई येणार आहेत. मी त्या पोरांना काय सांगू?